साडेसहाचा बोर

तुम्हाला लांब पल्ल्याची, अर्धस्वयंचलित, नेमबाजीची आणि वर स्वस्तातली रायफल हवी आहे, असं कळलं. अभिनंदन. रायफल मिळेल की नाही ते नंतर बघू, आधी कॅलिबर, म्हणजे नळीचा बोर, ठरवा. आमच्याकडे ट्रॅक्टरचं कर्ज मंजूर व्हायच्या आधी मागच्या फळीवर कोणाचं नाव टाकायचं ते ठरलेलं असतं, तसंच हे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातला, म्हणजे या विषयावर बोलायला अगदी लायक माणूस. एकीकडे सेवाग्राम, दुसरीकडे पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार. जिल्ह्यात दारूबंदी आणि दारूगोळा मात्र फौजेला पुरेल इतका. अशा हवेत वाढलेल्या माणसाला रायफल हातात घ्यायची गरज पडत नाही, खर्रा घोटता घोटता ज्ञान आपोआप येतं.

सुरुवात ३०८ विंचेस्टरपासून करा, कारण सगळे तिथूनच करतात. १९५२ची गोळी, फौजेच्या ७.६२ बाय ५१ मिलिमीटर काडतुसाची सख्खी बहीण. नळी पाच हजार फैरी सहज काढते. फक्त १०० यार्डांवर नेम बसवून हजार यार्डांवर झाडली, तर गोळी दहाएक मीटर खाली येते. निंबाच्या शेंड्यावर धरा, बुंध्याला लागेल. एवढं सांगून थांबायचं, सुपारी चघळायची आणि मग हळूच म्हणायचं, "म्हणूनच तं साडेसहा क्रीडमूर."

२००७ची ही साडेसहा मिलिमीटरची गोळी. लांबट, बारीक, वारा कापत जाणारी. त्याच अंतरावर ३०८पेक्षा दोनेक मीटर कमी पडते, खांद्याला धक्काही कमी देते. नळी मात्र दोन-तीन हजार फैरींत थकते. शिवाय ती एआर-१५ या लहान अर्धस्वयंचलित रायफलीच्या मॅगझिनमध्ये मावत नाही, तिच्यासाठी मोठी एआर-१० लागते, म्हणजे तुमचं बजेट गेलं. मग कोणीतरी ग्रेंडल काढतो. तीही साडेसहाचीच, पण २००३ची आणि आखूड, लहान रायफलीत बसणारी. इथं आवाज चढवायचा. एवढ्या भांडवलावर आमच्या पानठेल्यावर दोन पावसाळे निघाले आहेत.

एकदा हे ऐन रंगात आलं असताना मोठेबाबा चुना घ्यायला थांबले.

"काऊन बे, कायचा वाद?"

"मोठेबाबा, बोर कोनता घ्यावा ते चाललं हाय. मी म्हनतो साडेसहा."

"साडेसहा इंची तं माह्या वावरात हाय," मोठेबाबा म्हणाले. "तीनशे फूट खाली गेलो, नुसता फुफाटा निंगाला. कर्ज अजून फेडून रायलो. तू नको घेऊ."

तांत्रिक बाजूचा इतका नेमका सल्ला मला नंतर कुठे मिळाला नाही.

आता कायद्याचं थोडं, थोडंच, कारण याने चर्चेचा विरस होतो. फौजेची ७.६२ ज्यात बसते आणि सुटते ती रायफल निषिद्ध, म्हणून ३०८ गेली. क्रीडमूर फौजेची नाही म्हणून हुरळून जाऊ नका, अर्धस्वयंचलित रायफल म्हटलं की तीही निषिद्धच्याच खान्यात, आणि त्या खान्याची किल्ली दिल्लीला. १९५९चा शस्त्र कायदा शेतकऱ्याची आठवण ठेवतो, नाही असं नाही. पीक राखायला तो ठासणीच्या बंदुकीचं नाव घेतो. तोंडातून दारू भरा, गज मारा, तोवर डुकरांना थांबायला सांगा. परवाना मिळालाच तर निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा हुकूम येऊ शकतो. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा असं धरलं तर तिचा पत्ता ठाण्याचाच लिहावा.

नळीच्या आयुष्याची चिंता त्यामुळे सोडा. समजा वर्षाला ५० गोळ्या मिळाल्या, तर क्रीडमूरची नळी तुमचा नातू बदलेल.

जागेचं काय? हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तुमच्या धुऱ्यावरून तेवढी सरळ रेष काढा. पाच जणांचे सातबारे, एक नाला आणि एक पांदण. पांदणीतून बैलबंडी न्यायची तर तहसीलदाराकडे केस चालते, गोळीला वाट कोण देणार?

कोणीतरी शहाणा तुम्हाला एअर रायफल सुचवेल. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, ताकद २० ज्यूलच्या आत असली तर परवानाही नको, दहा मीटरचा पल्ला घरच्या कोठ्यात निघतो. निशाणाच्या मधला ठिपका अर्धा मिलिमीटरचा, पेनाच्या टोकाएवढा. हिचा एकच दोष आहे, ती खरोखर घेता येते. आणि घेतली की रोज उभं राहून नेम धरावा लागतो. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटरवरून, पॉइंट बावीसच्या रायफलीनं ऑलिंपिकचं कांस्य घेतलं. आमच्या ठेल्यावर कोणी ५० मीटरची गोष्ट काढली, तर त्याला खर्रा उधार मिळत नाही.

आता अनुभवाचं एक सांगतो. मागच्या हिवाळ्यात मोठेबाबांच्या हरभऱ्यात जागलीला गेलो होतो. माळ्यावर मी आणि माझा एक मित्र, खाली शेकोटी, मोठेबाबा गोधडीत. थंडी अशी की मोबाईल धरलेला अंगठा बधिर. वाऱ्याचा विषय निघाला. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा हजार यार्डांवर ३०८ला दोन मीटरहून जास्त ढकलतो. हे कसं ओळखायचं, यंत्रानं की गवताच्या हलण्यावरून, यावर आम्ही तास घातला. मित्र म्हणाला, वारा उगवतीकडून आहे. मी म्हणालो, मावळतीकडून. खालून गोधडीतून आवाज आला, "वारा कोनीकडूनबी असो, घाटे फुटून रायले, आयकू येते का?"

ऐकलं. कटर, कटर. चांदण्यात धुऱ्याच्या अलीकडे चार रोही, म्हणजे नीलगायी, मान खाली, अगदी निवांत. बॅटरी मारली तर एकानं नुसतं वर पाहिलं. अंतर साठ पावलं, आमच्यातल्या कोणाच्याच अभ्यासात नसलेलं.

मोठेबाबा उठले. कमरेची गोफण सोडली, पायानं चाचपून दोन-तीन धोंडे उचलले. एक तळहातावर झुलवून टाकून दिला, दुसरा चपटा निघाला म्हणून तोही. तिसरा हातात ठेवून त्यांनी माळ्याकडे पाहिलं.

"सांग आता, हा कोनत्या बोराचा?"