उपनगरातली मुले कुठे गेली?

अमेरिकी लेखक रिचर्ड येट्स यांची १९६१ सालची ‘रेव्होल्यूशनरी रोड’ ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे, त्यांना तिच्या शेवटी येणारा तो म्हातारा नक्की आठवत असेल. घरे विकण्याचा व्यवसाय करणाऱ्या गिव्हिंग्जबाई उपनगरात राहून उद्ध्वस्त झालेल्या व्हीलर जोडप्याविषयी नवऱ्यापाशी बोलत राहतात, ती माणसे मुळातच कशी होती आणि त्यांनी घराची कशी हेळसांड केली हे सांगू लागतात, आणि नवरा हळूच आपले श्रवणयंत्र बंद करतो. ही कादंबरी मी तीन वेळा वाचली आहे आणि दर वेळी या शेवटाने अंगावर काटा आला आहे. तिसऱ्या वाचनात मात्र माझे लक्ष दुसरीकडे गेले. फ्रँक आणि एप्रिल या व्हीलर जोडप्याला दोन मुले आहेत, जेनिफर आणि मायकेल. आईच्या मृत्यूनंतर ती काकांकडे राहत आहेत, एवढेच आपल्याला शेजारणीच्या बोलण्यातून ओझरते कळते. घराचे पुढे काय झाले हे आपण सविस्तर ऐकतो. मुलांचे काय झाले, ते एका वाक्यात उरकते.

अमेरिकी उपनगरावर लिहिलेल्या आणि सर्वांत गाजलेल्या कथा-कादंबऱ्यांबद्दल माझी तक्रार हीच आहे. त्या बहुतेक करून अशा माणसाच्या नजरेतून लिहिल्या गेल्या आहेत, ज्याला तिथून सुटायचे आहे. त्याची घुसमट खरी आहे, ती या लेखकांनी विलक्षण ताकदीने मांडली आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु ही उपनगरे उभी राहिली ती मुलाबाळांच्या संसारासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर कर्जे मिळू लागली आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांवर १९४७ ते १९५१ या काळात लेविटटाउन या वसाहतीची सतरा हजारांहून अधिक घरे बांधली गेली. लहान, एकसारखी, पण स्वतःची आणि भोवती थोडे अंगण असलेली घरे. ज्यांच्यासाठी हा खटाटोप झाला, त्या मुलांनी त्या घरांत काय पाहिले, हे जाणून घ्यायचे असेल तर कादंबरी बाजूला ठेवून आत्मकथनांकडे वळावे लागते.

जॉन चीव्हर यांची ‘द स्विमर’ ही १९६४ मधली कथा अनेकांना ठाऊक आहे. नेडी मेरिल नावाचा माणूस शेजाऱ्यांच्या अंगणांतल्या एकामागून एक जलतरण तलावांतून पोहत स्वतःच्या घरी जायचे ठरवतो आणि त्या जलमार्गाला बायकोचे नाव देतो. निघताना त्याच्या मनात असते की घरी आपल्या चार मुलींचे जेवण उरकले असेल आणि त्या टेनिस खेळत असतील. तो पोहोचतो तेव्हा घर अंधारे, कुलूपबंद आणि रिकामे असते. दाराशी उभ्या असलेल्या त्या माणसासाठी माझा जीव तुटतो. पण ज्यांना तो गृहीत धरून चालला होता त्या चौघी संपूर्ण कथेत एकदाही आपल्यासमोर येत नाहीत, ही गोष्ट आता मला तितकीच बोचते.

चीव्हर १९८२ मध्ये वारले आणि दोनच वर्षांनी त्यांची मुलगी सुझन हिने ‘होम बिफोर डार्क’ हे वडिलांविषयीचे पुस्तक लिहिले. त्यातला एक प्रसंग मी कधीही विसरणार नाही. कुटुंब उपनगरात जाण्यापूर्वी मॅनहॅटनमध्ये राहत होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. चीव्हर रोज सकाळी आपला एकमेव सूट चढवत, कामावर निघालेल्या इतर पुरुषांबरोबर लिफ्टने खाली जात, पण इमारतीबाहेर न पडता तळघरातल्या एका खोलीत शिरत, सूट काढून टांगून ठेवत आणि आतल्या चड्डीवर बसून लिहीत. जेवणाच्या वेळी पुन्हा सूट चढवून वर येत. चारचौघांसारखा कमावता बाप दिसण्यासाठी त्या माणसाने घेतलेले हे कष्ट वाचले, की त्यांच्या कथांतले ते सूट घातलेले, संध्याकाळच्या गाडीने घरी परतणारे पुरुष वेगळेच दिसू लागतात. सुझनने वडिलांचे दारूचे व्यसन लपवले नाही, त्यांनी आयुष्यभर दडवलेले पुरुषांविषयीचे आकर्षणही लपवले नाही, आणि तरीही पुस्तकात सूड नाही. घरातल्या माणसाला जे दिसते ते तिने लिहिले आहे.

कवितेने ही घरे फार थोड्या शब्दांत पकडली आहेत. बॉस्टनच्या उपनगरांत राहिलेल्या अ‍ॅन सेक्स्टन यांच्या ‘हाउसवाइफ’ या छोट्या कवितेत काही बायका माणसाशी नव्हे तर घराशीच लग्न लावतात, आणि ते घर म्हणजे दुसरी कातडीच असते, त्याला काळीज असते, तोंड असते. त्यांच्या मुलीनेही, लिंडा ग्रे सेक्स्टन यांनी, १९९४ मध्ये आईवर आत्मकथन लिहिले. कवितेशेजारी ठेवून ते वाचणे सोपे नाही.

ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची कविता मात्र घराच्या आत शिरतच नाही. ‘बेव्हर्ली हिल्स, शिकागो’ मध्ये काही कृष्णवर्णीय माणसे शिकागोच्याच हद्दीतल्या एका श्रीमंत, उपनगरासारख्या वस्तीतून मोटारीने जातात, तिथली घरे आणि बागा पाहतात, आपल्याला कुणाचा हेवा नाही असे एकमेकांना बजावतात, आणि पुन्हा बोलू लागतात तेव्हा त्यांचे आवाज किंचित घोगरे झालेले असतात. ज्या ‘अ‍ॅनी अ‍ॅलन’ संग्रहात ही कविता आहे, त्याला १९५० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच काळात लेविटटाउनच्या भाडेकरारात श्वेतवर्णीयांखेरीज कोणालाही घर वापरू देऊ नये, घरकामाचे नोकर तेवढे चालतील, असे स्पष्ट कलम होते. येट्स आणि चीव्हर यांची पात्रे ज्या घरांत गुदमरली, त्या घरांत शिरायलाच लाखो कुटुंबांना बंदी होती, हे विसरून उपनगराच्या कंटाळ्यावर कितीही लिहिले तरी ते मला अर्धवटच वाटते.

आणि मग डी. जे. वॉल्डी. त्यांचे ‘होली लँड’ हे १९९६ मधले पुस्तक मी मागेल त्याला देत असते. कॅलिफोर्नियातल्या लेकवूडमध्ये १९५० नंतरच्या अवघ्या तीन वर्षांत सुमारे साडेसतरा हजार घरे उभी राहिली. विल्यम गार्नेट यांनी विमानातून काढलेली त्या बांधकामाची छायाचित्रे पुढे टीकाकारांनी वर्षानुवर्षे पुरावा म्हणून दाखवली: पाहा, माणसे कशी खुराड्यात कोंबली आहेत. पण छायाचित्रे काढली तेव्हा त्या घरांत कोणी राहायलाच आले नव्हते. वॉल्डी तिथेच वाढले, नगरपालिकेत नोकरीला लागले आणि आईवडिलांनी या मोठ्या बांधकामाच्या आधीच, १९४६ मध्ये, घेतलेल्या घरातच राहिले. दृष्टी अधू असल्यामुळे ते मोटार चालवत नाहीत. मोटारीसाठी आखलेल्या गावात ते पायी कामावर जात. त्यांच्या पुस्तकाचे ३१६ लहान लहान तुकडे आहेत, काही तर एका वाक्याचे, आणि ते रांगेतल्या प्लॉटांसारखे एकमेकांना लागून आहेत. त्यांत पन्नास फूट रुंद आणि शंभर फूट लांब जमिनीचा हिशेब आहे, भिंतीतल्या खिळ्यांची आणि गिलाव्याची माहिती आहे, आणि तितक्याच शांत आवाजात वडिलांचा मृत्यू आहे. वडील न्हाणीघराच्या बंद दारामागे गेले. मुलगा त्या दाराबद्दल लिहितो: ते लाकडी होते आणि चांगल्या बनावटीचे होते.