म्हैसूरचं झू आणि आमचा मंगळवार

दर मे महिन्यात आमच्या घरात तेच. म्हैसूरचं झू बघायचं म्हणून ग्रुपवर पंधरा दिवस नुसता दंगा, खानापूरची आत्ती म्हणते पोरांची सुट्टी आहे तवर जाऊया, काका म्हणतात माझं दुकान मंगळवारी बंद असतंय, मंगळवारच धरा की, आणि मी दरवर्षी घसा फोडून सांगतो, ओ काका, ते झू पण मंगळवारीच बंद असतंय! सरकारी सुट्टी आली तरच उघडं. ऐकणार कोण?

वर भावोजी, "तासाभरात बघून वृंदावन गार्डनला जाऊया." तासाभरात? १८९२ सालचं झू ते, दीडशे एकराच्या वर, चालून चालून पायाचे तुकडे पडतात, सकाळी साडेआठला गेटवर असलात तर उन्हाआधी निम्मं होतंय, नंतर जनावरं पण सावलीत आडवी. आणि आमची मंडळी रात्रभर गाडीत बसून जाणार म्हणजे साडेआठला लॉजवर आंघोळीचे नंबर लागलेले असणार (आत्तीची पूजा वेगळीच).

शेवटी काय, यंदा पण बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या छोट्या झूला जाऊन वाघ-सिंह बघून जेवायला घरी. आता आत्ती म्हणायलीय, पुढच्या वर्षी म्हैसूर पक्कं. कुठल्या वारी ते विचारू नका.