पायताणानंतर काय?

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत भरदिवसा दार लावलं, की घरात भांडण तरी झालंय नाहीतर मटण तरी शिजतंय, असं समजतात. अशा गल्लीत मी कॉम्प्युटरला कुलूप घालायला निघालो.

खोड काढली पुण्याच्या भाच्यानं. सुट्टीला आला, कॉम्प्युटर लावला आणि 'महत्त्वाचं' नावाचा फोल्डर बघून त्यानं कपाळावर हात मारला. आत आधार, पॅन, पासबुकाचे फोटो आणि एका फाइलीत सगळे पासवर्ड, बँकेच्या नावासकट.

"मामा, चोराला चहा तेवढा द्यायचा ठेवलाय!"

"डिलीट करतो की मग."

"करा. पण रिसायकल बिन रिकामी केली तरी जुन्या हार्ड डिस्कवरची माहिती लगेच जात नाही. तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती काढता येते."

माझ्या पोटात गोळा आला. आधीचा कॉम्प्युटर गेल्या दिवाळीत डिस्कसकट भंगारात गेला होता. म्हणजे माझी अख्खी कुंडली मी किलोच्या भावानं विकली होती, वर घासाघीस करून दहा रुपये जास्त घेतले होते.

मग आधारची शेवटचे ४ आकडेच दाखवणारी प्रत उतरवली, पासवर्डची फाइल उडवली. शेवटी डिस्कलाच बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलंच कुलूप, लावायचं ठरलं. चालू करतानाच पासवर्ड मागणार. तो लांबलचक हवा, एकमेकांशी संबंध नसलेल्या चार शब्दांचा.

झालं, सोप्यात बैठक बसली. दार अर्थातच उघडं. आई म्हणाली, "तांबडा रस्सा घाल." भाचा म्हणाला, "आजी, कोल्हापुरात हा पहिल्या दणक्यात ओळखतील." शेजारच्या काकू मेथी निवडायला आल्या त्या मतदानालाही बसल्या. शेवटी म्हैस, छत्री, पायताण असे तीन शब्द एकमतानं पास झाले. चौथा इथं सांगत नाही, गुप्ततेचा प्रश्न आहे.

पासवर्ड विसरलात तर, म्हणून ४८ आकड्यांची एक रिकव्हरी की मिळाली. भाच्यानं बजावलं, "पासवर्ड गेला आणि हीपण गेली, तर तुमचं तुम्हालाही काही मिळणार नाही." बायको म्हणाली, "द्या इकडं, मी ठेवतो." (आमच्याकडच्या बायका 'ठेवतो'च म्हणतात आणि ठेवलेलं कुणाला सापडू देत नाहीत.)

भाचा पुण्याला गेला. चौथ्या दिवशी लाईटबिल भरायला बसलो. म्हैस आठवली, छत्री आठवली, पायताण आठवलं. पुढं सगळा अंधार.

कीचा कागद कांदा-लसूण चटणीच्या बरणीखाली निघाला. तेलानं असा भिजलेला, की तीन कुठला आणि आठ कुठला, कळेना. बायको म्हणाली, "वास तर बघा, चटणी काय झालीय!"

नाइलाजानं दारात आलो, घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "काकू, पायताणानंतर काय ओ?"

तीन घरांतून उत्तर आलं. एकानं तर स्पेलिंगही सांगितलं.