‘एका वेळी एकच औषध’ : काळजीपोटी पाठवला जाणारा अर्धवट सल्ला

आयबीडीच्या, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण आणणाऱ्या आजारांच्या, रुग्णांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, सांगणं तेच. “एका वेळी एकच औषध घ्या. दोन घेतली तरी फायदा तेवढाच, धोका मात्र दुप्पट. नेमकं काय द्यायचं ते कळत नाही, म्हणून डॉक्टर दोन-दोन औषधं लिहितात. आणि बरं वाटलं की सगळं बंद करा.” मला त्यातलाच अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा आजार, होऊन 12 वर्षं झाली. एवढ्या काळात हा मेसेज मला कितीदा आला याची मोजदादच ठेवलेली नाही. पाठवणाऱ्या प्रत्येकाला माझी काळजी होती, त्यामुळे रागावताही येत नाही. पण उत्तर द्यायला हवं, म्हणून एकेक वाक्य घेते.

“फायदा तेवढाच.” क्रोन्सच्या, म्हणजे आयबीडीच्याच दुसऱ्या प्रकाराच्या, 508 रुग्णांवर झालेल्या ‘सोनिक’ चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला नुसतं अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी), दुसऱ्याला नुसतं इन्फ्लिक्झिमॅब (शिरेतून दिलं जाणारं, दाह कमी करणारं औषध), तिसऱ्याला दोन्ही. 26 आठवड्यांनी स्टेरॉइडशिवाय आजार आटोक्यात असलेले रुग्ण अनुक्रमे 30 टक्के, 44.4 टक्के आणि 56.8 टक्के निघाले. म्हणजे नुसत्या इन्फ्लिक्झिमॅबऐवजी दोन्ही दिली, तर साधारण दर 8 जणांमागे एकजण जास्त सुधारतो. आतड्यातले व्रण भरण्यातही हाच क्रम होता. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये याच जोडीची चाचणी झाली, तेव्हाही 16 आठवड्यांनी जोडीचंच पारडं जड होतं.

असं का होतं, हे मला आकड्यांपेक्षा जास्त पटतं. इन्फ्लिक्झिमॅब हे प्रथिन आहे आणि त्याचा काही भाग उंदराच्या प्रथिनाचा आहे. शरीराला तो परका वाटतो, मग शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. सुरुवातीला छान लागू पडलेलं औषध काही महिन्यांनी रक्तात टिकेनासं होतं, पुढचा डोस यायच्या आधीच पोट बिघडतं, आणि आपण म्हणतो, ‘औषधाची सवय झाली.’ सवय वगैरे काही नसतं. अझाथायोप्रिन या अँटिबॉडींना आवर घालतं. आजारावर त्याचं स्वतःचं काम असतंच, शिवाय ते पहिल्या औषधाची राखणही करतं.

आता मेसेजच्या बाजूनेही बोलते, कारण प्रत्येक जोडी अशी जमत नाही. क्रोन्समध्ये इन्फ्लिक्झिमॅबला मेथोट्रेक्सेट या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्याच दुसऱ्या औषधाची जोड दिली, तेव्हा अँटिबॉडी कमी झाल्या, पण रुग्णांच्या प्रकृतीत वर्षभरात फरक दिसला नाही. जपानमध्ये इन्फ्लिक्झिमॅबच्याच वर्गातल्या अडालिमुमॅबबरोबर अझाथायोप्रिन देऊन पाहिलं. तिथेही 26 आठवड्यांनी आजार आटोक्यात येण्याचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. ‘दोन बरी की एक?’ या प्रश्नाला त्या दोन औषधांची नावं सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

“कळत नाही म्हणून दोन लिहितात.” हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबतं. अझाथायोप्रिनचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर रोज दहा-बारा वेळा रक्त पडत असलेल्या माणसाने करायचं काय? म्हणून मधल्या काळापुरतं स्टेरॉइड देतात आणि मग ते हळूहळू उतरवतात. यात गोंधळ कुठे आहे?

माझंच सांगते. आजाराचा भडका उडाला की मला मेसालामाइन हे आतड्याची सूज कमी करणारं औषध दोन वाटांनी मिळतं, तोंडाने गोळ्या आणि रात्री एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध. ‘औषध एकच, मग दोनदा कशाला?’ असं मीही विचारलं होतं. गोळीचं औषध मोठ्या आतड्यात सुटतं, पण शेवटच्या टप्प्याला ते कमी पोचतं, आणि नेमकी तिथेच आग असते. एनिमा खालून चढतो, साधारण डाव्या बाजूच्या वळणापर्यंत. बाटली नीट हलवायची, गार असेल तर मुठीत धरून कोमट करायची, डाव्या कुशीवर झोपायचं, वरचा पाय दुमडून घ्यायचा आणि मग जागचं हलायचं नाही. पहिल्या आठवड्यात निम्मं औषध चादरीवर. तरीही नुसत्या गोळ्यांनी महिनाभर न थांबलेलं रक्त मग थांबलं. माझा एकटीचा अनुभव हा काही पुरावा नव्हे, पण चाचण्यांमध्येही दोन्ही वाटांनी दिलेलं औषध नुसत्या गोळ्यांपेक्षा सरस ठरलेलं आहे.

“धोका दुप्पट.” मेसेजमध्ये तथ्य असलंच तर ते इथे आहे, म्हणून हे उडवून लावणार नाही. गंभीर जंतुसंसर्ग ‘सोनिक’मध्ये जोडीच्या गटात वाढला नव्हता, उलट तो 3.9 टक्के, म्हणजे तिन्ही गटांत सगळ्यात कमी होता. पण लिम्फोमाचं, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचं, तसं नाही. फ्रान्समध्ये सुमारे 1 लाख 89 हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास 2017 मध्ये आला. यातलं कुठलंच औषध न घेणाऱ्यांमध्ये दर 10,000 जणांमागे वर्षाला 2.6 जणांना लिम्फोमा झाला. अझाथायोप्रिनच्या वर्गातलं औषध घेणाऱ्यांमध्ये 5.4, इन्फ्लिक्झिमॅबच्या वर्गातलं घेणाऱ्यांमध्ये 4.1 आणि दोन्ही घेणाऱ्यांमध्ये 9.5. वाढ खरी आहे. पण 10,000 पैकी 9,990 जणांना त्या वर्षी तो होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. तरुण मुलांमध्ये, क्वचितच का होईना, लिम्फोमाचा एक फार वाईट प्रकार दिसतो, म्हणून त्यांना ही जोडी देताना डॉक्टर जास्त विचार करतात. साठी ओलांडलेल्यांच्या बाबतीतही तेच.

“बरं वाटलं की सगळं बंद.” क्रोन्सच्या 211 रुग्णांवर हे करून पाहिलंय. सगळे इन्फ्लिक्झिमॅब आणि सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं एक औषध अशा जोडीवर होते आणि स्थिर होते. इन्फ्लिक्झिमॅब थांबवलेल्यांपैकी 36 टक्क्यांचा आजार दोन वर्षांत उलटला. दोन्ही चालू ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण 14 टक्के होतं, आणि इन्फ्लिक्झिमॅब ठेवून फक्त सोबतचं औषध थांबवलेल्यांमध्ये 10 टक्के. म्हणजे ओझं कमी करता येतं, पण कुठलं आधी उतरवायचं हे बघून. ‘सगळं’ बंद करा, असं त्यातून निघत नाही.

धोक्याची खरीखुरी जोडी मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही. युरिक ॲसिड वाढलं म्हणून दुसरीकडून ॲलोप्युरिनॉल लिहून मिळतं, आणि अझाथायोप्रिन चालू असल्याचं तिथे कुणी विचारत नाही, आपणही सांगत नाही. ॲलोप्युरिनॉल अझाथायोप्रिनचा निचरा होण्याची एक वाट अडवतं. नेहमीचाच डोस मग कितीतरी पटीने भारी पडतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. गंमत अशी की काही तज्ज्ञ हीच जोडी मुद्दाम वापरतात. ज्यांच्या लिव्हरला नुसतं अझाथायोप्रिन सोसत नाही, त्यांना ते डोस पाव ते एक तृतीयांशावर आणून, सोबत ॲलोप्युरिनॉल देऊन, सुरुवातीला वरचेवर रक्त तपासत देतात.