चेतापेशीतलं विभव पंप ठरवत नाही

सध्या फॉरवर्ड होत फिरणारा दावा असा: ‘चेतापेशी म्हणजे बॅटरी. सोडियम-पोटॅशियम पंप ती चार्ज करतो. संदेश गेला की आतलं पोटॅशियम आणि बाहेरचं सोडियम यांची अदलाबदल होऊन बॅटरी उतरते. पंपाने ती पुन्हा भरेपर्यंत पेशी गप्प.’

आधी पंपाचं बघू. हा पंप म्हणजे पेशीपटलातलं (पेशीच्या आवरणातलं) एक प्रथिन. तो दर फेरीला 3 सोडियम आयन बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो, म्हणजे एक धन प्रभार जास्तीचा बाहेर जातो. हे खरंच आहे. पण विभवात, म्हणजे पेशीच्या आत-बाहेरच्या विद्युत दाबातल्या फरकात, त्यातून थेट भर पडते जेमतेम काही मिलिव्होल्टची. बाकीचं काम गळतीचं. विश्रांतीत, म्हणजे संदेश जात नसताना, पेशीपटलातून पोटॅशियम सहज पार होतं, सोडियम फारसं नाही. आत पोटॅशियम लिटरमागे सुमारे 140 मिलिमोल, बाहेर 4-5. ते बाहेर झिरपतं, आत ऋण प्रभार उरतो, आणि आतलं विभव -90 मिलिव्होल्टच्या आसपास पोचलं की झिरपणं थोपतं. एकट्या सोडियमला वाट दिली तर हाच आकडा +60 च्या घरात जातो. थोडं सोडियमही आत शिरत असतं, म्हणून बऱ्याच चेतापेशी -70 च्या आसपास स्थिरावतात. संहतीतल्या (आत-बाहेरच्या आयनांच्या प्रमाणातल्या) फरकाने ही दोन टोकं ठरतात. त्यांच्यामध्ये काटा कुठे थांबायचा, ते पार्यता ठरवते, म्हणजे पटल कुठल्या आयनाला किती सहज पार होऊ देतं ते.

म्हाकुळाच्या (स्क्विडच्या) जाड अक्षतंतूवर, म्हणजे चेतापेशीच्या संदेश वाहणाऱ्या लांब धाग्यावर, काम करून हॉजकिन आणि कॅट्झ या शास्त्रज्ञांनी 1949 मध्ये हे आकड्यांत मांडलं. पोटॅशियमची पार्यता 1 धरली, तर सोडियमची विश्रांतीत 0.04 आणि आवेगाच्या (धावणाऱ्या विद्युत संदेशाच्या) शिखरावर 20! संहती जवळपास तीच, पंपही तोच.

अदलाबदल ही तर निव्वळ थाप. अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या तंतूत एका आवेगाला आतल्या पोटॅशियमचा साधारण दहा लाखावा भाग बाहेर पडतो. अगदी बारीक तंतूंत हे प्रमाण बरंच जास्त असतं, तरी अदलाबदल कुठेच नाही.

1961 मध्ये बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी तंतूतला गर रूळ फिरवून पिळून काढला आणि आत पोटॅशियमच्या क्षाराचं द्रावण भरलं. पंपाचं इंधन म्हणजे एटीपी, ते त्यात नव्हतंच. तरी विश्रांतीचं विभव टिकलं, आवेगही धावले. पंप कायमचा बंद ठेवला तर संहतीतला फरक हळूहळू मिटेल आणि विभवही जाईल, हे मान्य. त्याची गरज तिथे आहे.

राहिला तो ‘गप्प’ बसण्याचा काळ. तो येतो सोडियमचे चॅनेल (पटलातल्या आयनांच्या वाटा) काही क्षण निष्क्रिय झाल्यामुळे आणि पोटॅशियमचे उघडे राहिल्यामुळे. तो सहसा काही मिलिसेकंदांचा असतो. पंपाच्या एकेका फेरीलाच जवळपास तेवढा वेळ लागतो.