ॐ, थंड डाग आणि मावशीचा पलंग

रविवारी कोथरूडला मावशीकडे गेलो, तर पलंग खोलीत तिरका आणि कपाटाचं दार अर्धंच उघडतंय. कारण व्हॉट्सॲप: ‘विश्वाच्या पहिल्या प्रकाशात टोपोलॉजीने ॐ सिद्ध झाला. नासाने लपवलं, पुण्याच्या शास्त्रज्ञांनी मान्य केलं. आकाशातल्या थंड डागाकडे डोकं करून झोपा, सांधेदुखी जाते.’ गोळ्या अजून बंद केल्या नव्हत्या, एवढंच नशीब.

आधी पलंगाचं. थंड डाग आहे. तो पहिला प्रकाश, म्हणजे महास्फोटानंतरचं आजही आकाशभर पसरलेलं क्षीण प्रारण, नासाच्या डब्ल्यूमॅप उपग्रहाने मोजलं; त्याच्या नकाशात २००४ मध्ये हा डाग सापडला, मृगाच्या नैऋत्येला. पण मृगासारखाच तोही उगवतो, मावळतो आणि निम्मा दिवस क्षितिजाखाली असतो. त्याच्याकडे डोकं ठेवायचं तर पलंगाला चाकं लावून रात्रभर कुणीतरी ढकलत राहायला हवं. आणि थंड म्हणजे किती? आजूबाजूपेक्षा सुमारे ७० मायक्रोकेल्विन, म्हणजे एका अंशाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. त्यापेक्षा माठ परवडला.

आता ॐ. अहो, टोपोलॉजी ही गणिताची शाखा, तिला नेमक्या आकाराशी देणंघेणंच नसतं. सुटे तुकडे किती, भोकं किती, एवढंच ती मोजते. तिच्या लेखी बांगडी आणि मेदूवडा एकच. नेहमीचा छापील ॐ म्हणजे तीन सुटे तुकडे, भोक शून्य. ताटातले तीन बटाटेवडेही तेच! बरं, नुसत्या डोळ्यांनी शोधायचं तर त्या नकाशात काहीही सापडतं. खुद्द डब्ल्यूमॅपच्या चमूने २०११ मध्ये विसंगतींवरच्या शोधनिबंधात स्टीफन हॉकिंग यांची आद्याक्षरं, एस आणि एच, त्या ठिपक्यांत मुद्दाम दाखवली होती.

‘पुण्याचे शास्त्रज्ञ’ कोण, नाव नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर महास्फोटाच्या कल्पनेशी वर्षानुवर्षं भांडले, पण समीकरणं मांडून. लपवालपवीचं म्हणाल तर डब्ल्यूमॅप आणि त्यानंतरच्या युरोपीय उपग्रहाचे, प्लँकचे, नकाशे कुणालाही फुकट उतरवून घेता येतात.

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. २०१९ मध्ये काही संशोधकांनी प्लँकच्या नकाशातल्या उष्ण-थंड ठिपक्यांचे तुकडे आणि भोकं मोजली, तेव्हा काही मापांवर ती संगणकाने बनवलेल्या आभासी आकाशांशी नीट जुळेनात. योगायोग, मोजणीतला दोष की खरंच काही नवं, यावर एकमत नाही. आकाश एकच, फासे पुन्हा टाकता येत नाहीत. फॉरवर्डवाल्याने ‘टोपोलॉजी’ बहुधा इथूनच उचलली.

पलंग सरळ करून दिला. मावशी म्हणाली, “भिशीच्या ग्रुपवर मात्र काही लिहू नकोस हं, वरच्या काकूंनी पाठवलंय.” म्हणून इथे लिहितोय.