बारापैकी सात रोपं गेल्याच्या तक्रारीवर रोपवाटिकेचं उत्तर

नमस्कार ताई,

जूनमध्ये नेलेल्या बारा रोपांपैकी सात पावसाळ्यातच गेली, बहावा आता एप्रिलमध्ये खराटा झालाय, आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही ‘कमी पाण्याची’ झाडं मरतात म्हणजे रोपंच सडकी होती, असं तुम्ही लिहिलंय. तुमचे फोटो नीट पाहिले.

तरवड आणि धायटीची साल मातीलगत काळी पडून सुटली आहे. ही मूळकूज. दोन्ही झाडं मुरमाड उतारावरची. तुमची जमीन काळी, ओली झाली की फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. अशा जमिनीत दोन फूट खड्डा घेऊन शेणखत भरलं, की पावसात त्याचा हौद होतो. त्यावर रोजचं पाणी. निर्गुडीची चारही रोपं तगली, कारण ती मुळात ओढ्याकाठची.

चूक आमची आहे. जमीन कोणती हे न विचारता रोपं दिली आणि पाटीवर नुसतं ‘कमी पाणी’ लिहिलं. रोज पाणी लागत नाही आणि पहिलं वर्ष अगदी विनापाण्याचंही जमत नाही, हे सांगायलाच हवं होतं.

बहावा कृपया उपटू नका. उन्हाळ्यात त्याची पानगळ होतेच. फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवी ओल दिसली तर झाड जिवंत आहे.

सातही रोपं बदलून देतो, पावती नसली तरी चालेल. मात्र लावायची घाई नको, दोन चांगले पाऊस होऊ द्या. या वेळी खड्डा नको. जमिनीवर फूटभर उंच, चार फूट रुंद उंचवटा करा: दोन घमेली मातीला एक घमेलं मुरूम या प्रमाणात, शेणखत ओंजळभरच. रोप पिशवीत होतं तेवढंच मातीत जाऊ द्या, बुंधा पुरू नका. पालापाचोळा तीन इंच, बुंध्यापासून वीतभर लांब. पाऊस उघडल्यावर आठवड्यातून एकदा दहा लिटर, तेही आळ्याच्या कडेने. त्याआधी चार इंच खालची माती चिमटीत घ्या. गोळी वळत असेल तर त्या दिवशी पाणी नको. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा पुरतं.

येताना जुन्या खड्ड्याच्या तळची मूठभर माती पिशवीत घेऊन या. ती बघूनच रोपं काढून देऊ.